माहेरचा महिना

देवळीच्या मोटारस्टँडवर देवकाबाई माहेरपणाला येणाऱ्या लेकीची वाट पाहत होती. शेजारी एक सासू नागपूरला निघालेल्या सुनेला मोटारीत बसवून द्यायला आली होती.

"गावात काय सांगू वो, सुलोचना?"

"खरं सांगा, आत्याबाई. कॉलेजच्या उन्हाळी वर्गाले गेली म्हणा."

"तिथलं शिकलेलं धरतात काय पण?"

"धरतात. पास झाली तं बी.ए.तली इंग्रजी सुटली."

"अन् माहेर? माय वाट पाहत असन तुही."

"तिनंच निरोप धाडला. यंदा येऊ नको म्हणे. आंबे पुढच्या साली खाजो."

"मंग पेपर झाला का तसीच माहेरी जाजो. इकडचे पापड मी एकटी लाटीन."

लेकीची मोटार आली. ती उतरताच देवकाबाईनं तिची पेटी घेतली आणि विचारलं,

"मंदे, तुही मॅट्रिक राहूनच गेली न वो?"