ओबी संस्थानाचे कागद

आदरणीय अध्यक्षा संजीवनीताई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती श्रीनिवासकाका, सविताकाकू आणि मायदेशापासून इतक्या दूर, सेरंगूनच्या या हॉलमध्ये जमलेल्या तमाम मराठी बंधुभगिनींनो, माझा नमस्कार स्वीकारावा.

मी सारंग. नववी नापास. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचे एसी मी धुतलेत. नीलदादा, हसू नका, पुढच्या सर्व्हिसिंगला येणार नाही!

काका बँकेतून निवृत्त झाले आणि जपानमधल्या ओबी नावाच्या लहानशा संस्थानाचा इतिहास लिहायला बसले. मला एका जागी बसवत नाही, तीन वर्षांत चार नोकऱ्या केल्या. पण काका म्हणायचे, "अरे, बूड टेक जरा, चहा होतोय," आणि सांगायला लागायचे. संस्थान गरीब, म्हणून रयतेकडून डोंगरावर देवदारासारखी झाडं लावून घेतली. लाकडात लावणाऱ्याचाही वाटा. झाड वाढायला पिढ्या जायच्या. मी विचारलं, "मग वाटा कुणाला?"

"नातवाला! म्हणून तर नावं लिहून ठेवायची."

एका डोंगरावर झाडं लावणाऱ्यांची ती नावं काकांनी जपानला चार फेऱ्या मारून, त्यांच्याच लिपीत, हाताने उतरवून आणली होती.

आता खरं बोलतो. एसी धुताना खाली रद्दी पसरावी लागते. दिवाळीआधी गेलो तेव्हा काका बाहेर, काकू फोनवर. खुर्चीवर गठ्ठा दिसला. मला वाटलं, जुन्या जपानी पेपरच्या झेरॉक्स. ती अक्षरं छापलेली की लिहिलेली, मला काय कळणार? पसरले. काळं पाणी पडलं. गोळा करून कचरा थेट तळमजल्यावर जातो त्या शूटमध्ये टाकले.

पुढच्या खेपेला काका कपाटं उपसत होते. "सारंग, तू पाहिलेस का रे कागद?" मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, "नाही बुवा."

"मग मीच कुठेतरी ठेवले. डोकं चालेना बघ."

काकूंनी त्यांना नोव्हेनाच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरकडे नेलं. तपासणीत काही निघालं नाही. तरी काकांनी पुस्तक लिहिणं बंद केलं. एकटे बाहेर पडेनात, गॅससुद्धा लावेनात. म्हणून तर ते लेकीकडे पुण्याला चाललेत. आत्ताच सगळे म्हणाले, वय झालं, आराम करा. मी त्यावर टाळ्या कशा वाजवू?

काका, तुम्ही काही विसरला नव्हतात. कागद मी टाकले. आणि वर पाच महिने तुमच्याकडे येऊन बसत राहिलो.

निरोपाच्या दिवशी हे बोलू नये, एवढं मलाही कळतं. मला माइक दिलात, मंडळाचा आभारी आहे. बोलताना कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. काका, तुम्ही मात्र घालू नका. आधी मला इथेच, सगळ्यांदेखत रागवा. मग मी खाली उतरतो.