वेशीत अडकलेली घरगाडी

वेशीजवळच्या चौकीसमोर बाहेर जाणाऱ्यांच्या रांगेत एका तरुणीच्या पुढे एक काका-काकू उभे होते. राहण्या-झोपण्याची सोय असलेली त्यांची घरगाडी कमानीपाशी अडली होती.

"अहो, सकाळी कमानीतून आत आलेली घरगाडी बाहेर जाताना वर कमानीला कशी घासते?"

"तेच कळत नाहीये. चांगली बोटभर जागा होती."

"आणि सहाला वेस बंद. उद्या सकाळी लेकीचं ऑपरेशन. तरी तुम्हाला वाटेतली जुनी गावं बघायची होती."

"तीच म्हणाली ना, बघत बघत या."

"ती म्हणणारच. आपण घाबरलेले तिला बघवत नाही."

मागच्या तरुणीला राहवेना.

"काका, येताना टाकीत पाणी होतं?"

"काठोकाठ. दोनशे लिटर. आत्ताच सोडून दिलं, गाडी हलकी होऊन लवकर पोचू म्हणून."

"हलकी झाली म्हणून वर उचलली गेली?" काकू म्हणाल्या.

"बहुतेक," तरुणी म्हणाली.

"मग परत भरा."

"इथल्या नळाला दोन तास लागतील गं. साडेपाच वाजलेत."

काकू रांगेकडे वळल्या.

"तुमच्यातल्या तिघा-चौघांना आमच्या गाडीत बसता येईल का? कमानीपलीकडे लगेच उतरवते. वजनदार माणसं आधी या, लाजू नका."