दोरवाल्याची चूक

आमच्या प्लोव्दिव शहरातल्या इमारतींमध्ये ओल येऊ नये म्हणून जो तो दोरावर लटकणाऱ्या कारागिराकडून बाहेरची भिंत लिंपून घेतो, पण आपल्या घरापुरतीच. दवाखान्यात माझ्यापुढे आमच्याच इमारतीतले पाचव्या मजल्यावरचे म्हातारे रांगेल आणि त्यांच्या खालच्या घरात एकट्या राहणाऱ्या दोन्काबाई बसल्या होत्या.

“अहो रांगेल, तुमच्या दोरवाल्यानं माझीही भिंत लिंपली.”

“दोरावर लटकून मजले मोजताना चुकला असेल.”

“वर तुमचाच पिवळा रंग! खालून दोन्ही घरं एकच दिसतात. लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. ओल थांबली?”

“थांबली. खोकलाही गेला. दोरवाला खिडकीशी कॉफी पिताना म्हणाला, तुमच्या खोकल्यानं वरच्या आजोबांना झोप येत नाही.”

“गाढव! त्याला सांगू नको म्हटलं होतं.”

“आता लागते ना झोप?”

“कुठली! आवाज येत नाही, म्हणून उठून जमिनीला कान लावतो.”