खेचराची पैज

नणंद: मेलीस. पुन्हा.

वहिनी: ह्या वेळी तर ढाल धरली होती मी.

नणंद: धरलीस, पण कधी? माझा फटका बसून झाल्यावर. वरातीमागून घोडं आहे तुझं, वहिनी.

वहिनी: राक्षसांना मारत होते तेव्हा नीट मारत होते. तूच म्हणालीस, हात चांगला आहे.

नणंद: हात चांगलाच आहे. कोर्टात अकरा वर्षं स्टेनोचं काम केलंस, कळफलकाकडे न बघता बोटं चालतात तुझी. पण राक्षस संगणकाचा असतो. तो तिसऱ्या फटक्यानंतर थांबतो म्हणजे थांबतोच. मैदानात समोर माणूस असतो. तो तुझ्याकडे बघून ठरवतो, आता हिला कुठे गाठू.

वहिनी: आणि तो माणूस आठ वर्षं खेळतोय. मला खेळायला लागून हा चौथा महिना.

नणंद: म्हणून तर मैदान. आत पाऊल टाकलं की सगळ्यांची तलवार सारखी, चिलखत सारखं. दादानं आठ वर्षं जमवलेलं सगळं दाराबाहेर राहतं. बाहेर कुठे रस्त्यात गाठलंस तर तो तुला फुंकर मारून उडवेल. हरवायचं असेल तर इथेच.

वहिनी: हरवायचंच आहे. नवऱ्यानं घरात मुकी म्हटलं, मी गिळलं. मित्रांसमोर म्हटलं, तेही गिळलं. पण खेळातल्या ओझ्याच्या खेचराला ते नाव दिलं, आणि त्याची चाळीस जणांची टोळी रोज त्याला हाका मारते, "मुके चल, मुके बस". आणि हे मला कळतं कधी, तर घटस्फोट झाल्यावर.

नणंद: आधी सांगितलं असतं तर तेही गिळलं असतंस.

वहिनी: गिळलं असतं. खरं आहे. आता नाही गिळवत. मला ते खेचर त्याच्याकडून काढून घ्यायचंय, चिमे. त्या चाळीस जणांच्या देखत. बाकी मला त्याचं काही नको.

नणंद: मग ऐक. आता दहा वाजलेत. एक वाजता सामना. त्यानं खेचर पैजेवर लावलंय, तू तुझं धनुष्य. हरलीस तर सहा महिने त्याला आव्हान देता येणार नाही, मैदानाचा नियम आहे. त्यामुळे आजच काय ते.

वहिनी: त्याचा तो डाव पुन्हा सांग. धुराचा.

नणंद: दादाची सगळी मदार त्यावरच आहे. धूर सोडतो, आत दिसेनासा होतो आणि वज्रमंत्र सुरू करतो. अडीच सेकंदांचा मंत्र. पुरा झाला की तुझा पाऊण जीव गेलाच. मंत्र चालू असताना तुझा छेद, म्हणजे मंत्र तोडणारा वार, लागला तर मंत्र तुटतो, आणि पुढचे चार सेकंद दादा म्हणजे रस्त्यातला खांब, हवं तेवढं मार. पण छेद एकदा वापरला की पंधरा सेकंद परत मिळत नाही. लवकर मारलास तर फुकट. उशिरा मारलास तर मंत्र झालेला असतो. आणि धुरात मंत्र कधी सुरू झाला ते दिसतच नाही. आजवर कोणाला जमलेलं नाही.

वहिनी: दिसत नाही, पण मला ऐकून माहीत आहे.

नणंद: मंत्राला आवाज नसतो गं.

वहिनी: खेळात नसेल. घरात होता. त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझा ओटा. सात वर्षं भांडी घासता घासता त्याचा कळफलक ऐकलाय मी. थांब, टेबलावर वाजवून दाखवते. टक, टक, टक. मग थांबतो. मग पटकन दोन. मग खुर्ची करकरते. एक, दोन. आणि मग ती लांब पट्टी, धप्प.

नणंद: पुन्हा वाजव.

वहिनी: टक, टक, टक. थांबला. टक-टक. खुर्ची. एक, दोन, धप्प.

नणंद: अगं बाई. तीन म्हणजे सुरीचे वार. थांबतो ते ढाल परत येईपर्यंत. दोन म्हणजे धूर आणि मागे उडी. आणि लांब पट्टीवर त्यानं मंत्र ठेवलाय, मीच ठेवून दिला होता. हे नेहमी असंच?

वहिनी: अंगात ताप असला तरी असंच. जेवणं, झोपणं, भांडणं, सगळ्यात एकाच चालीचा माणूस आहे तो.

नणंद: म्हणजे धूर सुटला की एक, दोन मोजायचं, तिसऱ्यावर छेद द्यायचा. बस. मी दादा होते, माझ्या संगणकावरून धूर सोडते. तयार?

वहिनी: सोड.

नणंद: मेलीस.

वहिनी: पुन्हा सोड.

नणंद: मेलीस. मोजलंस बरोबर, मी ओठ बघत होते तुझे. मग बोट का पडलं नाही?

वहिनी: पडतच नाही. मंत्र पुरा होऊ द्यावासा वाटतो.

नणंद: वाटतो?

वहिनी: हसू नकोस. कोर्टात साहेब साक्ष लिहायला सांगतात, तेव्हा वाक्य संपल्याशिवाय मी बोट हलवत नाही. अर्धं टाइप करावं आणि त्यांनी मधेच फिरवावं, म्हणजे खोडाखोड. अकरा वर्षांची सवय आहे. समोरच्याचं संपल्याशिवाय माझं सुरू होत नाही.

नणंद: घरीही तसंच होतं तुझं.

वहिनी: घरी त्याचं संपतच नव्हतं.

नणंद: कळफलक बाजूला ठेव. माझ्याकडे बघ. आता मी खरीच दादा आहे. मी बोलणार, तू मधेच "पुरे" म्हणायचं. माझं वाक्य संपलं की तू मेलीस.

वहिनी: हे काय पोरखेळ.

नणंद: सगळाच पोरखेळ आहे, म्हणून तर जिंकायचाय. चल. "अगं, तुला काय कळतंय त्यातलं, तू आपली तुझे कागद बडव."

वहिनी: पुरे.

नणंद: मेलीस. अख्खं ऐकून घेतलंस, वर मानही डोलावलीस. पुन्हा. "माझे मित्र येणारेत संध्याकाळी, तू जरा आतच बसलीस तरी चालेल, नाहीतरी—"

वहिनी: पुरे.

नणंद: जखमी झालीस, मेली नाहीस. "अरे ही ना, ही मुकी आहे आमची, हिला कुठेही—"

वहिनी: पुरे.

नणंद: अजून लवकर. "पाणी आण, आणि येताना—"

वहिनी: पुरे.

नणंद: "साहेब, तिचं काही म्हण—"

वहिनी: पुरे म्हटलं ना. पुरे.

नणंद: हळू. खालच्या मजल्यावरचे वर येतील.

वहिनी: हे वाक्य मुद्दाम काढलंस.

नणंद: हो, मुद्दाम. मी होते की तिथे, तुझ्या बाजूनं सांगायला. त्याचंच बक्षीस म्हणून दादानं मला टोळीतून हाकललं. मी उभी केलेली टोळी, मीच त्याला खेळायला शिकवलं.

वहिनी: घटस्फोट झाला ते माझंच कोर्ट होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी टाइप करत होती. तो म्हणाला, तिचं काही म्हणणं नाही. तिनं लिहिलं, "तिचे काही म्हणणे नाही". लिहून मलाच दाखवलं, ताई, बरोबर आहे ना म्हणून. मी एक काना सुधारला आणि सही केली. त्याचा राग येतोच, पण त्या काना सुधारणाऱ्या बाईचा मला जास्त राग येतो.

नणंद: दोन्ही राग एक वाजेपर्यंत पुरव. घे कळफलक. धूर सोडते.

वहिनी: एक. दोन.

नणंद: तुटला.

वहिनी: खरंच?

नणंद: बघ की, खांब झालेय मी. मार.

वहिनी: तू त्याची सख्खी बहीण आहेस. त्याला हरताना बघून वाईट नाही ना वाटणार?

नणंद: वाटेल, पण उद्या. आज मार.

वहिनी: किती वाजले?

नणंद: पावणेएक. पाणी पी, खांदे सैल सोड. आणि आत गेल्यावर मी बडबडले तर लक्ष देऊ नकोस, मला गप्प बसवत नाही.

वहिनी: आले मैदानात. हे सगळे कोण?

नणंद: बघे. चाळीस कुठले, सत्तर तरी असतील. तुझ्या नावाला हसतायत. लिंबूटिंबू.

वहिनी: नाव तूच ठेवलंस.

नणंद: लिंबूटिंबूकडे कोणी नीट बघत नाही, म्हणून ठेवलं. हा आला बघ दादा, "वाघनख". काहीतरी लिहितोय. "खेचरासाठी कोण लढतं रे? तलवार तरी मागायचीस, लेका."

वहिनी: लेका?

नणंद: पुरुष समजतोय तुला.

वहिनी: समजू दे.

नणंद: लाल झेंडा वर कर. तो वर आहे तोवरच तुला मारता येतं, आणि तुला कोणी मारू शकतं. केलास? सुरू झालं. फिरत राहा, उभी राहू नकोस. हं, एक वार बसला, बसू दे. दुसरा. ढाल धर. छान. थांबलाय. वहिनी, थांबलाय तो. धूर.

वहिनी: एक. दोन.

नणंद: छेद. अगं छेद दे. गेला. पाऊण जीव गेला तुझा. ऐकून घेतलंस पुन्हा.

वहिनी: हं.

नणंद: पाव उरलाय. आता एक चूक आणि संपलं. लांब राहा. तो काय लिहितोय बघूच नकोस.

वहिनी: वाच.

नणंद: कशाला?

वहिनी: वाच म्हणते ना.

नणंद: "मुकीला बघ, बाहेर उभी राहून बघतेय, तिला पण हसू येतंय." त्याचे लोक हसतायत. सांभाळ, वार. दुसरा. तिसरा. थांबला. धूर सुटला.

वहिनी: एक. दोन. पुरे.

नणंद: तुटला. वहिनी, तुटला. चार सेकंद, मार, आणखी मार. अर्ध्यावर आला तो. मागे हो आता. चिडलाय. भराभर येतोय अंगावर, पण चाल तीच आहे गं, तीच.

वहिनी: माहीत आहे. तीन झाले. थांबेल बघ. थांबला. एक, दोन, पुरे.

नणंद: धुराच्या आत तोडलास. कसं लिहितायत बघ सगळे. पाव उरला त्याचा. तुझ्याइतकाच. आता मंत्र पुरा झाला तरी तू मेलीस आणि साधा वार बसला तरी मेलीस. मी बघत नाही. मी तिकडे तोंड करून बसते.

वहिनी: बस.

नणंद: काय चाललंय? वहिनी? मोजत का नाहीस?

वहिनी: पुरे.

नणंद: कोण पडलं?

वहिनी: तो.

नणंद: बघू. पडला. आई शप्पथ, पालथा पडलाय. सत्तर जणांसमोर.

वहिनी: बरं वाटतंय, चिमे. खूप बरं वाटतंय. चांगल्या माणसाला असं वाटायला नको, पण वाटतंय.

नणंद: खेचर आलं. तुझ्या मागे उभं आहे बघ. पाठीवर दादाचं सगळं सामान, नियमानं तेही तुझं.

वहिनी: उतरव ते.

नणंद: दोन वर्षांचा ऐवज आहे तो.

वहिनी: उतरव आणि तिथेच टाक. नाव कसं बदलायचं?

नणंद: एकदा ठेवलेलं बदलता येत नाही. मोकळं सोडता येतं. सोडलं की डोंगराकडे निघून जातं, मग कोणाला पकडता येत नाही.

वहिनी: सोड.

नणंद: तू सोड. हे बटण.

वहिनी: गेली.

(फोन वाजतो. नणंद तो स्पीकरवर टाकते.)

भाऊ: चिमे, तुझ्या जुन्या ओळखीत कोणी लिंबूटिंबू आहे का गं?

नणंद: का रे दादा? इतक्या महिन्यांनी फोन केलास तो हे विचारायला?

भाऊ: आहे का ते सांग. आता हरवलं त्यानं मला. म्हणजे हरवलं असं नाही, माझं नेट अडकत होतं, शेवटी बोटही घसरलं. पण धुरात माझा मंत्र तोडला, तीनदा. कसा तोडला देव जाणे, जसा काही माझ्या मांडीवर बसून खेळत होता.

नणंद: भारीच असेल मग.

भाऊ: भारी म्हणजे, आठ वर्षांत असा माणूस पाहिला नाही मी. विचार त्याला, आमच्या टोळीत येतो का. माझ्या उजव्या हाताला ठेवीन. पण वेडा आहे जरा. एवढी मेहनत करून खेचर जिंकलं आणि सोडून दिलं डोंगरात. चांगलं जनावर होतं गं. किती लादलं तरी कधी बसलं नाही.

नणंद: दादा, त्याचं नाव मी तुला—

भाऊ: काय? ओळखतेस?

नणंद: नाही. नाही ओळखत. चौकशी करते.

भाऊ: कर. आई हाक मारतेय, ठेवतो.

नणंद: मान काय हलवत होतीस? तोंडावर आलं होतं माझ्या. त्याचा आवाज ऐकायचा होता मला, कळल्यावर.

वहिनी: आज कळलं तर संध्याकाळपर्यंत सत्तर जणांना सांगेल, मुद्दाम हरलो, बिचारीची दया आली. ऐकलं नाहीस, नेट अडकलं म्हणे, बोट घसरलं म्हणे.

नणंद: मग कधी सांगायचं?

वहिनी: त्याची कारणं संपतील तेव्हा. चिमे, जिंकणाऱ्याला पुन्हा आव्हान द्यायला किती दिवस थांबावं लागतं?

नणंद: जिंकणाऱ्याला थांबावं लागत नाही. पण समोरच्यानं पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही तर आव्हान रद्द होतं.

वहिनी: मग पाठव.

नणंद: आत्ता? अगं, आईनं हाक मारली ना, म्हणजे पान वाढलंय. जेवायला बसलाय तो.

वहिनी: पाठव तू. उठेल तो पानावरून.