बिरोबाची डोणी आणि ऑफिसातले झाड

मी मल्हारी सोपान कोळपे, वय ४९ वर्षे, धंदा शेती, राहणार राहू, तालुका दौंड, जिल्हा पुणे. बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की,

आमच्या वस्तीवर बिरोबाचे देऊळ आहे. देवळासमोर दगडाची डोणी असते. वाडवडील मेंढरे घेऊन फिरायचे, तेव्हा मेंढरे तिच्यात पाणी प्यायची. आता मेंढरे राहिली नाहीत. देवाच्या अंघोळीचे पाणी तिच्यात धरतो, ते शेळ्या-पाखरे पितात. डोणीतले उरलेले पायदळी जाऊ द्यायचे नाही, झाडाच्या मुळाशी घालायचे, अशी रीत आहे.

सणसवाडीच्या एका डिझाइन फर्मचे आर्किटेक्ट पृथ्वीराज सर वस्तीवर आले. ते डोणीभोवती बराच वेळ फिरले. इतका वेळ आम्ही देवाभोवतीही फिरत नाही. "मामा, हिचा प्रामाणिकपणा बघा," असे ते म्हणाले. डोणी कधी खोटे बोलल्याचे आमच्याही ऐकिवात नाही. ऑफिसात गावाकडच्या राहणीवर व्याख्यान आहे, एका संध्याकाळपुरती डोणी द्या, असे त्यांनी सांगितले. माझी आई गिताबाई मला म्हणाली, "देवाची वस्तू हाय. संगं जा आन् संगंच घिऊन ये." म्हणून शनिवारी मी टेम्पोत डोणीजवळ बसून गेलो.

व्याख्यान गावचा माणूस आणि मोकळी जागा यांच्या नात्यावर होते. मी गावचा माणूस असल्याने मला दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत बसवले होते.

नंतर वाईन चाखण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी डोणी बघायला आत गेलो. मंडळी घोट घेत, तोंडात खळखळवत आणि थुंकत. थुंकण्यासाठी मधोमध आमची डोणी ठेवली होती. गावातले दारुडे बदनाम आहेत, पण तोंडात घेतलेली दारू ते थुंकत नाहीत.

मी तिथल्या स्नेहल मॅडमना म्हणालो, "ताई, देवाची डोणी हाय. हिच्यात थुकू नका."

त्या म्हणाल्या, "मामा, हे थुंकणं नाही, टेस्टिंग आहे. तुम्ही पण घ्या ना!"

पृथ्वीराज सर म्हणाले, "अहो, वस्तू वापरात राहिली तरच जिवंत राहते." यावर टाळ्या पडल्या.

मग मी टेबलावरचा जग घेऊन डोणी उपसू लागलो. आत काहीही असले तरी डोणी देवाची, म्हणून रीत सोडली नाही. हॉलमध्ये एकच झाड होते, चांगले हिरवेगार. त्याच्या मुळाशी जग ओतत गेलो. ते मुरले नाही. कुंडीतून वाहून खाली मांडलेल्या पुठ्ठ्याच्या पांढऱ्या गावात शिरले. ते फर्मच्या नव्या रिसॉर्टचे मॉडेल होते, असे मागाहून समजले. गाव लाल होऊन बसले.

झाड प्लास्टिकचे असल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. व्याख्यानात अस्सल वस्तूंबद्दल पुष्कळ ऐकले, पण झाडाचा उल्लेख आला नाही. मॉडेलची मुद्दाम नासधूस केली, ही पृथ्वीराज सरांची तक्रार मला मान्य नाही.

डोणी आता मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या ओसरीवर आहे. आज आलो तेव्हा तिच्यात गुटख्याच्या पुड्या होत्या. त्या मी काढल्या. मुद्देमालाला हात लावू नये, अशी समज मला देण्यात आली. ती रास्त आहे. आई फोनवर एकच विचारते, "डोणी कवा येणार?"

निकाल लागेपर्यंत डोणी इथेच राहणार असेल, तर तिच्यात रोज पाणी भरू द्यावे, मी राहूहून येत जाईन. उरलेले पाणी घालायला आवारात लिंबाचे झाड आहे. ते खरे आहे. मी पाला चुरगळून खात्री केली आहे.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

मल्हारी सोपान कोळपे