अक्का, ही ओळ माझी हाय

माझं नाव शेवंता. कॅसेटच्या कागदावर शेवंताबाई छापलंय, पन तुमी मावशी म्हना ताई, बाई म्हनलं की मला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. तुमचं ते मशीन चालू हाय ना? मग ऐका. माहेर माझं सुप्याकडचं. आता तिथं कंपन्या आल्या, गेट झालं, वॉचमन बसला, पन मी पोर हुते तवा तिथं नुसतं कुसळ आन् दगड. पान्याला इतकं लांब जायचं की जाताना एक गानं संपायचं आन् येताना दुसरं. गानं मी तिथंच शिकले, मास्तर बिस्तर कोन न्हाई, आई पुढं म्हनायची, आमी मागनं. डोक्यावर हंडा असला की मान हलवता येत न्हाई, मग आवाजच हलवायचा. हे लिवा तुमी. लोकं इचारत्यात आवाजात ती लहर कुठनं आली, तर ती हंड्यातनं आली.

लगीन होऊन बेलापूरकडं आले, तर इथं पाटाचं पानी, ऊस, सगळं हिरवंगार. मला वाटलं सुटले बाई एकदाची. कसली सुटतीय, हंडा गेला आन् हातात खुरपं आलं. घरात माझ्या आधीची एक जाऊ, थोरली, तिला लहान-मोठं सगळं अक्काच म्हनायचं. मी मधली. मागनं धाकट्या दिराचं लगीन झालं, त्याची बायकू कवसाबाई. तिघी जावा रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला. काय सांगू तुमाला, आमचं भांडान बी तिथं, हसनं बी तिथं, आन् गानं बी तिथंच.

आता खुरपताना ज्येची त्येची पात असती बघा. म्हंजी आपल्या वाट्याची सरी धरून बसायचं आन् गवत काढत काढत पुढं सरकायचं. अक्काचा हात असला चपळ, की तिची पात आमच्या आधी उरकायची. उरकली तर गप बसावं, बांधावर जाऊन पानी प्यावं, तर न्हाई, ती माझ्या पातीत घुसायची. मदतच करायची वो, पन मला राग यायचा. मी म्हनायची अक्का, माझी पात हाय, माझी मी करीन. ती म्हनायची कर की, तुला कोन न्हाई म्हनतंय, आन् खुरपं चालूच. आमचं गानं बी तसंच पातीवर वाटल्यालं. पहिली ओळ अक्काची, दुसरी कवसाची, तिसरी माझी. आन् अक्का तिची ओळ उरकली की सरळ माझ्या ओळीत.

रानातलं गानं विहारापुढं गेलं ते चौदा एप्रिलच्या जयंतीला. माझे मालक ढोलकी वाजवायचे, धाकटा दीर पेटी, गायला बाहेरनं मानूस आनायचे, त्या साली त्यो आलाच न्हाई. मालक म्हनले तुमी तिघी उभ्या ऱ्हावा. वस्तीतली काही बापय मंडळी कुरकुरली, बायका स्टेजवर कशाला. आमची सासू पुढंच बसल्याली, ती म्हनली, रानात गात्यात तवा कान झाकून घेता का रं? मग तिघी बी उभ्या राह्यलो. तवापासनं लोकांनी नाव पाडलं, जावांची पार्टी. आमी ठेवलं न्हाई, लोकांनीच ठेवलं.

त्यातलं जे गानं तुमी ऐकायला आलाय ते आमीच रानात जुळवल्यालं हाय. उजाडलं गं बाई, टाक घागर खाली, ही अक्काची ओळ. येशीची ती वाट आता मोकळी झाली, ही कवसाची. आन् पाटी घेऊन हाती, माझी लेक शाळंला चालली, ही माझी. ह्याच्यात काय लई मोठं हाय असं न्हाई. पन ज्या बाईला येशीच्या बाहेर थांबावं लागलं तिला इचारा, काय हाय ते.

मग नगरचा एक कॅसेटवाला आला, म्हनला तुमचं गानं भरून घेतो. गेलो. बारकीशी खोली, भिंतीला गाद्या लावल्याल्या, आवाज येतो म्हनून पंखा बंद. घामानं निस्त्या भिजलो. त्यो म्हनला, लाल दिवा लागला की खोकायचं न्हाई, बांगडी वाजवायची न्हाई, बोलायचं तर न्हाईच न्हाई. बरं म्हनलं. लागला दिवा. अक्काची ओळ झाली, कवसाची झाली, मी धरली पाटी घेऊन हाती, आन् आली की अक्का मधी. माझी लेक, असं म्हनून माझ्या तोंडातला घास वढल्यासारखी आली. आन् मी, दिवा न्हाई बघितला, काय न्हाई बघितलं, रानात वरडते तसं वरडले, अक्का, ही ओळ माझी हाय! मालकांची ढोलकी काय थांबली न्हाई, म्हनून आमी बी तशाच पुढं गात गेलो.

झाल्यावर आमाला लाज वाटली. म्हनलं दादा, पुसा ते, परत म्हनतो. त्यो मानूस पोट धरून हसत हुता. म्हनला हेच ठेवायचं. मी त्याला लई बोलले, म्हनलं आमच्या घरचं भांडान तू बाजारात नेतो का. त्यानं नेलंच.

आन् काय झालं म्हनता? पिठाच्या गिरनीत तेच, टेम्पोत तेच, पानाच्या टपरीवर तेच, लग्नाच्या मांडवात सकाळी पयलं तेच. दुसऱ्या पार्ट्या आल्या, गेल्या, त्यांच्या कॅसेटी लोकांनी पुसून त्याच्यावर दुसरं भरलं, आमची कुनी पुसली न्हाई. शुगर फॅक्टरीच्या रस्त्यानं चालले तर सायकलवरनं जानारी पोरं वरडायची, अक्का, ही ओळ माझी हाय. पोरीबाळी खेळताना भांडल्या तरी तेच म्हनायच्या. एकदा भंडारदऱ्याकडं प्रोग्रामला गेल्तो, डोंगरातली लोकं लांबलांबनं चालत आल्याली. त्या दिवशी अक्कानं मनावर घेतलं, म्हनली आज मी नीट गाते, घुसत न्हाई. घुसली न्हाई. गानं एकदम सरळ झालं. संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत स्टेजपाशी आली आन् म्हनली, आमाला फशिवलं तुमी, भांडान कुठाय? परत म्हनावं लागलं, भांडून. म्हातारी मग खुश होऊन गेली. तवापासनं अक्कानं नीट गायचं नाव काढलं न्हाई.

ह्याच्या मधी काय हुतं ते लोकांना ठावं न्हाई, तुमाला सांगते. अक्काला लेकरू झालं न्हाई. माझी सुनीता तिच्याच कुशीत निजली, तिच्याच हातानं जेवली. पयल्या दिशी शाळंत बी अक्कानंच नेली, मी कामावर हुते. मास्तरनं इचारलं आई का तुमी, तर ही म्हनली व्हय. मला येऊन सांगितलं वर तोंड करून.  म्हनून ते माझी लेक आलं की तिला दम निघत नव्हता. मी वरडायची, पन तिला अडवायला न्हाई. ते वरडनं म्हंजी आमच्या दोघींचं बोलनं हुतं.

दोन वर्सांमागं अक्का गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, सुनीता उशापाशी हुती, गेली. मग पार्टी बंदच पडली. बोलावनी यायची, मी न्हाई म्हनायची. घरात एकटी असताना म्हनून बघितलं, पाटी घेऊन हाती, इथवर यायचं आन् मधी कोन येत न्हाई, पुढं आवाजच निघंना. राग यायचा मला तिचा. जन्मभर घुसली आन् आता माझी ओळ माझ्या एकटीवर टाकून गेली.

असं वरीस गेलं. आन् औंदाच्या जयंतीआधी विलास आला. नात्यानं भाचा लागतो, सुप्याला कंपनीत हाय, कमिटीत मोठा झालाय. पोरगं वाईट न्हाई. म्हनला, मावशी, औंदा ऑर्केस्ट्रा ठरवलाय, तुमचा दोघींचा सत्कार ठेवलाय, शाल, श्रीफळ, पुढं खुर्ची. मी म्हनलं आन् गानं? तर म्हनला, तुमचंच गानं ऑर्केस्ट्रातली पोरगी म्हननार, कीबोर्डवर, एकदम नीट. तुमी तिघीच्या दोघी राह्यल्या, आता किती वढायचं, लोकांना बी नवं पायजे. असं ग्वाड बोलला की बस. पन मला काय कळत न्हाई का? सत्कार म्हंजी काय, तर बसा आता. शाल घालत्यात ती मानूस झाकायला घालत्यात.

कवसा तेवढ्यात म्हनली, अगं, शाल चांगली गरम असंल तर घेऊ की. हिला शालीचं पडलंय! मी विलासला म्हनलं, हे बघ, मी एक वरीस न्हाई गायले ते माझ्या दुःखानं, माझा आवाज मेला न्हाई. माझी ओळ मी जिती असताना कुनाला देनार न्हाई. तर हसून म्हनतो, मावशी, ओळ काय तुमच्या सातबाऱ्यावर हाय का? असं डोकं फिरलं माझं. म्हनलं, आमच्या सातबाऱ्यावर काय बी न्हाई रं बाबा, म्हनून तर ओळ हाय.

पन कमिटीचं ठरल्यालं, ठरलं. संध्याकाळी विहारापुढं ही गर्दी. आमाला शाली घातल्या, नारळ दिला, पुढच्या खुर्चीवर बसवलं. वर चमचमता कोट घातल्याली मानसं, दिवे लाल-निळे. पोरगी आली, आवाज ग्वाड, खोटं कशाला बोलू. अक्काची ओळ म्हनली, कवसाची म्हनली, एकटीच सगळ्या म्हनत हुती. मी मुठी आवळून बसले. तिनं धरलं पाटी घेऊन हाती, आन् मागनं बायका वरडल्या, अक्का, ही ओळ माझी हाय! मग बापय, मग पोरं, सगळं मैदान. पोरगी दचकून थांबली. परत म्हनाय गेली, परत तेच. बिचारी विलासकडं बघाय लागली, तिला ते भांडान कुनी सांगितल्यालंच नव्हतं.

मी उठले. शाल कवसाच्या मांडीवर टाकली, तिला दोन झाल्या. मागं वळून बघते तर मालक पोत्यातनं ढोलकी काढत हुते. मला न सांगता आनल्याली, असला मानूस. वर गेले तर पोरीनं आपनहून माईक दिला, म्हनली आजी, तुमीच म्हना. कीबोर्डवाल्याला म्हनलं तू जरा इसावा घे.

कवसा बी आली, दोन्ही शाली घेऊन. ढोलकी लागली. अक्काची ओळ आमी दोघींनी म्हनली, कवसाची तिनं म्हनली. आन् माझी आली. आता मधी कोन येनार न्हाई, एकटीनं पार करायची. धरली. पाटी घेऊन हाती म्हनले, आन् पुढं तोंड उघडायच्या आत अख्खं मैदान मधी घुसलं, माझी लेक शाळंला चालली. घाईनं, ताल सोडून, बरोबर अक्का यायची तशी. सगळ्या बाया माझ्या पातीत उतरल्या वो. पुढं बघते तर सुनीता, श्रीरामपूरला नर्स हाय ती, कामावरनं तशीच आल्याली, ती बी उभी राहून म्हनत हुती. मी वरडले, पोटातनं वरडले, अक्का, ही ओळ माझी हाय! आन् मग रडले. लपवत न्हाई, सगळ्यांपुढं रडले, रडत पुढचं कडवं गायले.

आता परत प्रोग्राम चालू हायत. विलासच ठरवतो, सत्काराचं नाव काढत न्हाई. माझे गुडघे गेल्यात, कवसाला खोकला हाय, व्हईल तवर गाऊ. मैदानातनं जवर अक्का येती तवर मी खाली बसत न्हाई. माझ्या ओळीत घुसायचा हक्क तिचा एकटीचा हुता, तिच्या मागं ह्या लोकांचा. बाकी कुनी येऊन बघा.

घ्या, च्या घ्या, निवला. सुखी ऱ्हावा, लेकीबाळी शिकू द्या तुमच्या. आन् ताई, हे लिवताना माझ्या बोलन्यात तुमचं काय घुसवू नका. ध्यानात हाय ना, ओळ कुनाची हाय ते.