नव्वद डॉलरचा डॅक

डुलुथमधल्या दुकानात, माल परत करायच्या रांगेत, टेसा खांद्यावरच्या बाळाला थोपटत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात डॅकचं खोकं. फोनमधलं गाणं स्पीकरला समजावून सांगणारं यंत्र.

"व्हर्ना, दोन्हींतला नव्वद डॉलरचा परत केलेला बरा. नऊशेवाल्यातून व्हायोलिन काय झरतं!"

"अरे ऑर्विल, आठवडाभर तू नव्वदवालाच ऐकलास. मी दोन्हींच्या तारांची अदलाबदल केली होती."

"मग या खोक्यात?"

"नऊशेवाला. मीच भरला."

"चल घरी!"

"अरे, परत करायचा ना?"

"सोमवारी करू. शनिवारी आपल्या संगीत क्लबची मंडळी येताहेत. हा वर मांडू, जोडू मात्र स्वस्तातला. बघू, कोण काय अक्कल पाजळतं!"

"आणि तुलाच हसू फुटलं तर?"

"मी कॉफी करायला आत जाईन."

"तू कॉफी करायला उठलास, तर सगळ्यांना तिथेच संशय येईल."